पोटाचं ऐकायचं की वजनकाट्याचं?

रविवारची रात्र. फ्रिजमध्ये श्रीखंडाचा डबा अर्धा उरला आहे. ‘उद्यापासून गोड बंद’ असं ठरलंय, म्हणून तो आजच संपवायचा. जेवण होऊन तास झालाय, भूक अजिबात नाही, तरी ओट्याशी उभ्याउभ्याच चमच्याने डबा खरवडला जातो. सोमवारी काकडी आणि ताक. मंगळवारी ऑफिसातला वाढदिवसाचा केक नाकारल्याचं समाधान. गुरुवारी संध्याकाळी घरी आल्या आल्या हाताला लागेल ते तोंडात जातं: चिवडा, बिस्किटं, मुलाच्या डब्यात उरलेला पराठा. मग रात्रभर मनाला टोचणी, आणि पुन्हा पुढच्या सोमवारची वाट.

अशा सोमवारांत ज्यांची दहा-पंधरा वर्षं गेली अशी माणसं आपल्या आजूबाजूला आहेत. त्यातली बहुतेक स्वतःलाच दोष देतात. या दोषातून बाहेर काढू पाहणारा एक विचार म्हणजे ‘इंट्युइटिव्ह इटिंग’. साध्या मराठीत, पोटाचं ऐकून खाणं. असं खाल्लं तर वजन उतरतं का, हा प्रश्न प्रत्येक जण पहिल्यांदा विचारतो. त्याचं प्रामाणिक उत्तर इथे मांडायचं आहे.

हा विचार आला कुठून

अमेरिकेतल्या एव्हलिन ट्रिबोल आणि एलीस रेश या दोन आहारतज्ज्ञांनी १९९५ मध्ये ‘इंट्युइटिव्ह इटिंग’ हे पुस्तक लिहिलं. त्यांच्याकडे येणारे लोक आहाराचा तक्ता काटेकोर पाळायचे, वजन उतरवायचे आणि काही काळाने तेच वजन घेऊन, मान खाली घालून परत यायचे. दोष माणसांचा की पद्धतीचा, असा प्रश्न दोघींना पडला. त्यातून त्यांनी दहा तत्त्वं मांडली.

ती चार गटांत समजून घेता येतात. पहिल्या गटातली तीन डाएटच्या विचारातून सुटण्याची: डाएटचा नाद सोडणं, अन्नाशी समेट करणं आणि मनात बसून प्रत्येक घासाला ‘चांगलं-वाईट’ ठरवणाऱ्या पोलिसाला गप्प करणं. पुढची तीन शरीराकडे कान देण्याची: भुकेचा मान राखणं, पोट भरल्याची खूण ओळखणं आणि जेवणात समाधान शोधणं. नंतरची दोन मनाची: दुःख, कंटाळा, ताण यांना खाण्यावाचून सामोरं जाणं आणि आपलं शरीर आहे तसं आदराने वागवणं. शेवटची दोन म्हणजे आनंद देणारी हालचाल आणि पोषणाचा सौम्य विचार. पोषण दहाव्या क्रमांकावर आहे ते मुद्दाम. अन्नाशी भांडण मिटायच्या आधी पोषणाचे नियम हातात आले, तर त्यांचंही एक नवं डाएट होऊन बसतं.

‘वाटेल ते, वाटेल तेव्हा’ असा याचा अर्थ लावला जातो, तो चुकीचा आहे. पुरणपोळीचंच बघा. तव्यावरून उतरलेली, वर तूप सोडलेली पहिली पोळी. पहिल्या घासाला वेलची-जायफळाचा वास, पुरणाचा मऊपणा, कडेचा खरपूसपणा असं सगळं जाणवतं. दुसऱ्या पोळीच्या मध्यावर तीच चव जराशी फिकी होते. एकच पदार्थ खात राहिलं की त्याची गोडी उतरते आणि दुसऱ्या चवीची मात्र टिकून राहते, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. जीभ आणि पोट दोघंही तिथे ‘आता पुरे’ म्हणत असतात. ते ऐकू यायला मात्र मनात ‘आज खाऊन घे, उद्यापासून बंद’ असा गोंगाट नसावा लागतो.

उपासमारीला शरीर काय उत्तर देतं

१९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी एक प्रयोग केला. सदसद्विवेकामुळे युद्धात लढायला नकार दिलेले ३६ निरोगी तरुण त्यात स्वेच्छेने सामील झाले. २४ आठवडे त्यांना दिवसाला साधारण १,५७० कॅलरींचं जेवण दिलं गेलं आणि आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालवलं गेलं. वजन जवळपास एक चतुर्थांश उतरलं. पण ही तरुण मुलं दिवसभर जेवणाविषयीच बोलू लागली, पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, ताटल्या चाटू लागली. निर्बंध उठल्यावर काही जण पोटाला तडस लागेपर्यंत खात राहिले, तरी भूक भागेना. एरवी मनाने खंबीर अशी ही माणसं होती.

यामागची रसायनं पुढे सापडली. चरबीच्या पेशींतून निघणारं आणि मेंदूला साठ्याची खबर देणारं लेप्टिन १९९४ मध्ये, तर भूक वाढवणारं घ्रेलिन १९९९ मध्ये. वजन उतरलं की लेप्टिन घटतं, घ्रेलिन वाढतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात ५० जणांनी दहा आठवडे अत्यंत कमी कॅलरींचा आहार घेतला. त्यानंतर वर्ष उलटलं तरी त्यांची भुकेची संप्रेरकं मूळ पातळीवर आली नव्हती. ‘द बिगेस्ट लूझर’ या अमेरिकन टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, तेव्हा १३ जणांचं वजन पुन्हा वाढलेलं दिसलं. त्यांचं शरीर विश्रांतीत अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. हा अभ्यास २०१६ चा.

गुरुवारी संध्याकाळी चिवड्याच्या डब्यात जाणाऱ्या हाताची कारणं इथे आहेत. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही आपली म्हण हेच फार पूर्वीपासून सांगते आहे.

मग वजनाचं काय

आता मूळ प्रश्न. पोटाचं ऐकून खाल्लं तर तीन गोष्टी होऊ शकतात. भूक नसताना, ताणापोटी खूप खाल्लं जात असेल, तर वजन थोडं उतरेल. वर्षानुवर्षं स्वतःला उपाशी ठेवलं असेल, तर वाढेल. आणि अनेकांचं आहे तिथेच राहील. अमुक एकच होईल, असं वचन कोणी देत असेल तर ते इंट्युइटिव्ह इटिंग नव्हे, त्या नावाखाली विकलेलं डाएट आहे.

असं खाणाऱ्यांचं वजन सरासरीने कमी आढळतं, हे पाहण्यांतून दिसलं आहे. पण कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे त्यावरून ठरत नाही. प्रत्यक्ष शिकवून पाहिलेल्या गटांत वजन बहुधा स्थिर राहतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रात स्थूल असलेल्या ७८ महिलांचे दोन गट केले होते. एकीकडे डाएट, दुसरीकडे भूक ओळखणं आणि शरीराचा स्वीकार. डाएट गटाचं वजन आधी उतरलं आणि दोन वर्षांत परत आलं. दुसऱ्या गटाचं वजन बदललं नाही, पण त्यांचं कोलेस्टेरॉल, वरचा रक्तदाब आणि मनःस्थिती सुधारली, आणि ती सुधारणा टिकली. २००५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

वजन उतरवणं हे ध्येय इथे का चालत नाही, ते एका साध्या प्रसंगातून बघू. दुपारचे साडेचार. पोट रिकामं झालंय, डोकं जड आहे, समोर शेंगदाण्याचा लाडू आहे. पोटाला विचारलं तर ते लगेच ‘हो’ म्हणेल. पण सकाळी काट्याने ७१.४ दाखवले होते, काल ७१ होते. तो आकडा मध्ये येतो आणि ‘आत्ता नको, जेवतानाच खा’ असं बजावतो. आता निर्णय पोटाचा राहिला नाही, काट्याचा झाला. साडेआठपर्यंत ताणलेली भूक मग दुप्पट वसूल करते. पोट आणि काटा या दोघांचं एकाच वेळी ऐकता येत नाही. म्हणून वजनाचा विचार काही काळ माळ्यावर ठेवायचा.

बारीक होण्याची इच्छा मनात येणं हा गुन्हा नव्हे. ‘किती सुटलीस!’ असं भर हळदीकुंकवात ऐकून घेणाऱ्या, लग्न ठरण्याआधी दहा किलो कमी करायला सांगितलेल्या मुलींना ती इच्छा होणारच. तिची लाज बाळगू नये. फक्त आपल्या प्रत्येक ताटाचा कारभार तिच्या हाती देऊ नये.

पुण्यातून मिळालेला धडा

वजन आणि आरोग्य एकच आहेत असं आपण धरून चालतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ब्रिटनमधले सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच दाखला दिला. उंचीच्या तुलनेत वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काटा दोघांना सारखंच प्रमाणपत्र देत होता.

दिसायला सडपातळ आणि आतून चरबी बाळगून असलेली अशी शरीरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यामुळे ‘मी बारीक आहे, मला काय होतंय’ हा भ्रम धोक्याचा, आणि जाड माणसाला बघताक्षणी आजारी ठरवणंही चूक. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, कंबरेचा घेर, झोप, जिने चढताना लागणारा दम या गोष्टी थेट तपासाव्यात.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत अलीकडे मधुमेह झालेल्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली वजन उतरवायला मदत केली. वर्षाअखेर त्यांतल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधाविना मधुमेहाच्या पातळीखाली राहिली. १५ किलो किंवा अधिक उतरवलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होतं. तेव्हा डॉक्टरांनी आजारासाठी वजन उतरवायला सांगितलं असेल, तर तो उपचार आहे आणि तो त्यांच्याच देखरेखीखाली व्हावा. आरशासाठी केलेलं डाएट ही वेगळी गोष्ट.

आपल्या घरातली भूक

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक मोकळा ठेवायला सांगितलं आहे. आधीचं जिरलं नसताना वर पुन्हा खाणं आयुर्वेदाने वर्ज्य मानलं. म्हणजे भूक आणि तृप्ती ओळखण्याचा विचार आपल्याला परका नाही.

पण आपली पंगत उलटं शिकवते. ‘माझ्या हातची एक जिलबी घेच’ म्हणणारा आग्रह, ‘ताटात टाकायचं नाही’ ही ताकीद, सगळ्यांचं उरलंसुरलं संपवणारी घरातली बाई. अन्न वाया जाऊ नये हे खरंच आहे. त्यासाठी आधी कमी वाढून घ्यावं, हवं तर पुन्हा घ्यावं. भरल्या पोटात ढकललेला भातही वायाच जातो.

कोणी जपून

इन्शुलिन घेणाऱ्यांनी, किंवा साखर एकदम खाली आणू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, भूक लागेपर्यंत थांबू नये. त्यांनी वेळेवरच जेवायला हवं. उपासमार आणि अतिखाणं यांच्या आजारातून जाणाऱ्यांची भुकेची खूण बिघडलेली असते. त्यांना आधी तज्ज्ञांच्या मदतीची आणि ठरल्या वेळेच्या जेवणाची गरज असते. ताप, शोक, म्हातारपण यांत भूक मरते, तेव्हाही तिच्यावर विसंबून चालत नाही. २०२५ मध्ये भारतात आलेली सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइडची वजनासाठीची इंजेक्शनं भूकच कमी करतात. ती घेणाऱ्यांनी पुरेसं खाल्लं जातंय ना, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

सुरुवात कशी करावी

जेवायला बसण्याआधी क्षणभर थांबून भुकेला शून्य ते दहा यांपैकी एक आकडा द्या. शून्य म्हणजे कडकडून, दहा म्हणजे तडस लागलेली. तीन-चारला बसावं, सहा-सातला उठावं. भूक एकवर येईपर्यंत ताणली, तर सातला थांबणं कठीण जातं.

दिवसातलं एक तरी जेवण मोबाइल आणि टीव्हीशिवाय जेवा. अर्धं ताट संपल्यावर हात थांबवा आणि अजून चव लागतेय का, ते बघा.

स्वतःला बंदी घातलेल्या पदार्थांपैकी एक निवडा. पोटात थोडी भूक असताना, ताटात वाढून, बसून खा. तो उद्याही मिळणार आहे, हे मनाला पटायला काही आठवडे लागतात.

वजनकाटा महिनाभर कपाटात ठेवा. डॉक्टरांनी वजनाची नोंद ठेवायला सांगितली असेल, तर मात्र नको.

आणि घरात लहान मूल असेल, तर त्याच्याकडे नीट बघा. वरणभाताची वाटी समोर असते, चार घास आवडीने जातात, आणि पाचव्याला ते तोंड फिरवतं, ओठ घट्ट मिटतं. त्याचं पोट भरलेलं असतं. आपण ‘हा काऊचा, हा चिऊचा’ म्हणत आणखी तीन घास भरवतो, आणि तेच मूल मोठं झाल्यावर ‘इतकं खाऊ नकोस, जाड होशील’ असंही आपणच सांगतो. या दोन्ही गोष्टी आजपासून थांबवा. मूल निरोगी असेल, नीट वाढत असेल, तर त्याच्या ‘पुरे’वर विश्वास ठेवा. त्याच्या ताटावर आणि अंगावर शेरे मारू नका. तेवढं केलंत, तर पुढे त्याला कुठल्या सोमवारची वाट बघावी लागणार नाही.