कुंग फूपट : कापलेल्या चौकटीच्या पलीकडे

कुंग फू चित्रपट म्हटले, की आपल्याकडील प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर काही ठरावीक गोष्टी उभ्या राहतात. ओठांशी न जुळणारे संवाद, प्रत्येक फटक्यासरशी लाकूड मोडल्यासारखा आवाज आणि पांढऱ्या भुवयांचा खदाखदा हसणारा खलनायक. झिजलेल्या व्हिडिओ कॅसेटवर आणि केबलवर पाहिलेले हे चित्रपट अनेकांच्या लक्षात राहिले ते हसण्याचा विषय म्हणूनच. पण त्या कॅसेटवर दिसत होता तो मूळ चित्रपट नव्हता. हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्सचे त्या काळातील बहुतेक कुंग फूपट रुंद पडद्यासाठी चित्रित झाले होते. टीव्हीच्या चौकोनी पडद्यावर बसविण्यासाठी त्यांच्या बाजू कापण्यात आल्या आणि चित्रचौकटीचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग नाहीसा झाला. दोघांच्या लढतीतील एक जण चौकटीबाहेरच गेल्यावर उरतात ते हवेत फिरणारे हात!

ही कापाकापी या चित्रपटांना विशेष बाधली. कारण या प्रकारात कथा लढतीतूनच पुढे जाते. कोण कोणाला जोखतो आहे, कोणाचा संयम सुटला, कोण प्रतिस्पर्ध्याचा आदर करतो, हे संवादांतून नव्हे, तर पावलांतून आणि अंतरांतून कळते. संगीत नाटकाच्या परंपरेतील मराठी रसिकाला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. तेथे पद जे काम करते, ते येथे लढत करते.

हे साम्य योगायोगाचे नाही. हाँगकाँगच्या लढाऊ चित्रपटांचे एक मूळ रंगभूमीतच आहे. बीजिंग ऑपेराच्या नटाला गायन, संवाद, अभिनय आणि युद्धकौशल्य अशी चार अंगे साधावी लागतात. दिग्दर्शक किंग हू यांचा जन्म १९३२ चा, बीजिंगचा. १९४९ मध्ये ते हाँगकाँगला आले. 'कम ड्रिंक विथ मी' (१९६६) या चित्रपटात त्यांनी नृत्याचे शिक्षण घेतलेल्या चेंग पेई-पेई हिला नायिका केले आणि लढतींची आखणी ऑपेराच्या परंपरेतील हान यिंग-चिएह यांच्याकडे सोपविली. पुरुषवेषातील नायिका खानावळीत शांतपणे बसली आहे आणि दरोडेखोर तिला एकेक करून डिवचत आहेत, हा प्रसंग मुद्दाम पाहावा. हालचाल, क्षणभराची स्तब्ध मुद्रा, पुन्हा हालचाल, हा ताल थेट रंगमंचावरून आला आहे. त्याच सुमारास, १९६६ ते १९७६ या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, चीनच्या मुख्य भूमीवर मोजकी 'आदर्श' क्रांतिनाट्ये वगळता पारंपरिक ऑपेरा रंगमंचावरून हद्दपार झाला होता. म्हणजे तेथे जे दडपले जात होते, त्याची एक शाखा हाँगकाँग आणि तैवानच्या चित्रपटांत तग धरून होती. करमणुकीचा माल म्हणून त्यांची बोळवण करताना ही गोष्ट आपण विसरतो.

किंग हू यांचाच 'अ टच ऑफ झेन' हा मिंग काळात घडणारा, तैवानमध्ये चित्रित झालेला, तीन तासांहून अधिक लांबीचा चित्रपट अधिक धीराची अपेक्षा करतो. पहिली लढत येण्यास जवळजवळ तास लागतो. तोवर एक गरीब चित्रकार, एक ओसाड गढी आणि राजदरबारातील हिजड्यांच्या हेरखात्याची दहशत. हे हेरखाते इतिहासातही होते, कल्पित नव्हे. बांबूच्या वनातील लढतीत कलावंत लपविलेल्या ट्रॅम्पोलिनवरून उडी घेतात आणि डोळा पुरता स्थिरावण्याआधीच दृश्य बदलते. मानवी शरीर उडाले, याची खात्री आपल्यालाच पटते. या चित्रपटाला १९७५ मध्ये कान महोत्सवात तांत्रिक श्रेष्ठतेचा पुरस्कार मिळाला.

लाउ कार-लिउंग यांची वाट नेमकी उलट. त्यांचे वडील ज्या लाम साई-विंग यांचे शिष्य, ते स्वतः विख्यात वाँग फेई-हुंग यांचे शिष्य होते. ही गुरुपरंपरा त्यांनी पडद्यावर आणली. संपूर्ण देह दिसेल इतक्या अंतरावर कॅमेरा ठेवायचा आणि चार-सहा डाव न तोडता दाखवायचे, ही त्यांची शिस्त. 'द थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' (१९७८) या चित्रपटाचा मोठा भाग केवळ शिक्षणाचा आहे. नायक पाण्याच्या बादल्या घेऊन दोन्ही हात ताठ पसरून चालतो आणि हात खाली आले तर दंडाला बांधलेली पाती त्याच्याच बरगड्यांत रुततील. सूडकथेत सूड घाईघाईने उरकला जातो. दिग्दर्शकाला गोडी आहे ती शिकण्याची. आणि नायकाची शेवटची मागणी काय, तर पस्तीस दालनांना छत्तिसावे जोडावे, जेथे सामान्य माणसालाही ही विद्या मिळेल.

ब्रूस लीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. एवढेच सांगावे, की 'वे ऑफ द ड्रॅगन' (१९७२) मधील रोमच्या कलोसियममधील लढत पाहताना चक नॉरिसचा पराभव झाल्यानंतरचा क्षण चुकवू नये. विजेता त्याच्या देहावर त्याचाच अंगरखा आणि काळा पट्टा ठेवतो.

राहिला प्रश्न ओठांशी न जुळणाऱ्या संवादांचा. त्याचा सगळा दोष इंग्रजी डबिंगला देता येत नाही. हे चित्रपट मुळातच ध्वनीविना चित्रित होत आणि कँटोनीज बोलणाऱ्या हाँगकाँगमध्ये त्यांवर नंतर मँडरिन संवाद चढविले जात. तरीही मँडरिन ध्वनी आणि उपशीर्षके हाच पर्याय निवडावा. त्यातील बोलण्याची लय तरी नटाच्या देहाशी मिळतीजुळती असते.

शॉ ब्रदर्सचा सातशेहून अधिक चित्रपटांचा संग्रह सेलेस्टियल पिक्चर्सने २००० मध्ये विकत घेतला आणि २००२ च्या अखेरीपासून ते पूर्ण चौकटीत, साफ करून डीव्हीडीवर येऊ लागले. 'अ टच ऑफ झेन'ची पुनर्संस्कारित प्रत २०१५ मध्ये कानमध्ये दाखविण्यात आली. चित्रफिती वाचल्या; त्यांतील देहांची विद्या टिकविणे अधिक अवघड आहे. लाउ कार-लिउंग २०१३ मध्ये गेले, चेंग पेई-पेई २०२४ मध्ये. पडद्यामागच्या मंडळींविषयी जाणून घ्यायचे असेल, तर 'कुंग फू स्टंटमेन' हा वेई जुनझी यांचा माहितीपट पाहावा. तो मात्र शेवटी. आधी 'कम ड्रिंक विथ मी', मग 'थर्टीसिक्स्थ चेंबर' आणि एखादी मोकळी रात्र मिळाली, की 'अ टच ऑफ झेन'.