भाषण संपल्यावर काय बोलाल?

सोसायटीच्या गणेशोत्सवात आठवीतली एक मुलगी पाण्याच्या बचतीवर पाच मिनिटे बोलली. टाळ्या झाल्या. व्यासपीठावरून उतरून ती थेट आईवडिलांकडे आली. आई म्हणाली, "छान झालं हं!" वडील म्हणाले, "किती भरभर बोललीस! हात कशाला हलवत होतीस? मध्येच अडखळलीस. शेवट तर कुणाला कळलाच नाही."

मुलीचा चेहरा उतरला. पुढच्या वर्षी मंडळाचे कार्यकर्ते नावे लिहून घ्यायला आले, तेव्हा ती आतल्या खोलीतून बाहेरच आली नाही.

आईवडील दोघांचाही हेतू चांगलाच होता. पण 'छान' या शब्दातून नेमके काय छान झाले, हे मुलीला कळले नाही. आणि वडिलांनी एका दमात चार दोष दाखवले, पण त्यांतला एकही कसा सुधारायचा, ते सांगितले नाही. भाषण करणे जसे शिकावे लागते, तसे भाषणावर अभिप्राय देणेही शिकावे लागते.

ऐकणाऱ्याचीही तालीम

ही गोष्ट राल्फ स्मेडली या अमेरिकन गृहस्थांनी फार पूर्वी ओळखली होती. २२ ऑक्टोबर १९२४ रोजी कॅलिफोर्नियातील सांता आना या गावी, वायएमसीएच्या इमारतीच्या तळघरात त्यांनी भाषणाचा सराव करणाऱ्यांचा एक क्लब सुरू केला. त्यातूनच पुढे 'टोस्टमास्टर्स' ही संस्था वाढली. आज मुंबई-पुण्यासह भारतातील अनेक शहरांत तिचे क्लब आहेत.

तिथे भाषण तपासणारा कुणी गुरुजी नसतो. शिकणाऱ्यांपैकीच एक जण उठतो आणि दोन ते तीन मिनिटांत भाषणाचे मूल्यमापन करतो. दुसरा घड्याळ सांभाळतो. पाच ते सात मिनिटांच्या भाषणात पाचव्या मिनिटाला हिरवी, सहाव्याला पिवळी आणि सातव्याला लाल खूण दाखवली जाते. तिसरा 'अं', 'म्हणजे' असे अडखळण्याचे शब्द मोजतो. चौथा भाषेकडे लक्ष ठेवतो. कामे वाटलेली असल्याने जो तो आपापल्या कामापुरतेच बोलतो आणि वक्त्यावर एकदम चहूबाजूंनी मारा होत नाही.

आपल्याकडील वक्तृत्व स्पर्धांतही परीक्षक विषयाची मांडणी, भाषा, उच्चार, हावभाव यांना गुण देतात. पण गुणांवरून फक्त क्रमांक ठरतो. पुढच्या वेळी काय करायचे, हे गुणपत्रिका सांगत नाही. ते सांगण्याचे काम घरच्यांनी करायचे असते.

घरच्या घरी असे करा

आधी विचारा. भाषणापूर्वीच मुलाला विचारा, "मी कशाकडे लक्ष देऊ?" आवाजाकडे की वेळेकडे, ते त्याला ठरवू द्या.

लिहून ठेवा. कागदावर दोन रकाने आखा. एकात जे दिसले, ऐकू आले ते लिहा. दुसऱ्यात त्याचा तुमच्यावर काय परिणाम झाला, ते लिहा. 'आत्मविश्वास कमी' असे लिहू नका. 'पहिली चार वाक्ये जमिनीकडे पाहून बोलला' असे लिहा. आत्मविश्वास वाढव म्हटल्याने तो वाढत नाही, नजर मात्र वर उचलता येते.

जपण्यासारखे काय, ते आधी सांगा. ही नुसती गोड सुरुवात नव्हे. चांगले काय झाले हे न कळल्यास मूल पुढच्या वेळी तेच सोडून देईल. मात्र खोटी स्तुती करू नका. 'छान, पण...' हे वारंवार ऐकलेले मूल पुढे फक्त 'पण'ची वाट पाहते.

सुधारणा एकच सांगा, फार तर दोन. त्यासोबत उपायही सांगा. बाकीच्या पुढच्या भाषणासाठी राखून ठेवा.

स्वतःपुरते बोला. 'कुणालाच कळलं नाही' हे तुम्हाला कसे ठाऊक? 'मला ऐकू आलं नाही' एवढेच म्हणा.

माणसावर नको, भाषणावर बोला. तोतरेपणा, आवाजाची जात, उंची यांवर शेरा मारू नका. इंदूरकडे वाढणाऱ्या मुलाने 'ळ'चा 'ल' केला, तर पाहुण्यांसमोर हसू नका. असे एक हसू मुलाला मराठीपासूनच दूर नेऊ शकते.

वेळही पाहा. चारचौघांत आणि व्यासपीठावरून उतरताक्षणी काही सुचवू नका. घोटभर पाणी पिऊ द्या. त्याच संध्याकाळी घरी निवांत बोला.

मुलांनाही एक सवय लावावी. अभिप्राय ऐकताना लगेच सफाई द्यायची नाही. पूर्ण ऐकायचे, न कळलेले विचारायचे आणि पटेल ते घ्यायचे.

एक श्वास, तीन आकडे

त्या मुलीच्या वडिलांना आपली चूक उमगली, ती तिने नाव द्यायचे टाळले तेव्हा. एका रात्री त्यांनी तिला विचारले, "त्या भाषणातला तुला स्वतःला आवडलेला भाग कुठला?" ती जरा वेळाने म्हणाली, "गळक्या नळाखाली तांब्या ठेवल्याचा." वडील म्हणाले, "तू ते सांगत होतीस तेव्हा मागच्या रांगेतल्या गप्पा थांबल्या होत्या. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. शेवटचं वाक्य मात्र मला ऐकू आलं नाही. त्याच्या आधी एक श्वास घे, मनात तीन आकडे मोज आणि मग बोल."

मुलीने तिथेच, जेवणाच्या टेबलाशी उभी राहून ते वाक्य म्हणून पाहिले. मग पुन्हा एकदा म्हटले. त्यापुढच्या गणेशोत्सवात तिने आपले नाव स्वतः नेऊन दिले.

उत्तम अभिप्रायाची हीच खूण समजावी. तो ऐकल्यावर माणसाला पुन्हा उभे राहून बोलावेसे वाटते.