मेंदूतले पहारेकरी आणि मद्याचा पेला

फराळाचे ताट पुढे घेऊन दिवाळी अंक चाळणाऱ्या गृहिणीच्या कपाळाला दारूचे नाव वाचून आठी पडेल, हे मी जाणून आहे. परंतु आमच्या नव्या मुंबईत हा विषय उंबऱ्याबाहेरचा राहिलेला नाही. नेरूळला राहावयास येऊन मला बरीच वर्षे झाली. येथल्या सोसायट्यांत एकतीस डिसेंबर असो की कोणाची बढती, बाटल्या उघडतात आणि एखादे गृहस्थ हमखास छाती काढून म्हणतात, "आपल्याला काही चढत नाही बुवा!" भोवतालची मंडळी कौतुकाने पाहतात. आणि जेथे पेला रोजचा झाला आहे, त्या घरातली माउली विचारते, "एवढे शिकलेले, तरी ह्यांना मन कसे आवरत नाही?"

त्या फुशारकीवर आणि ह्या प्रश्नावर अलीकडे थोडा प्रकाश पडला आहे, आणि तो एका अनपेक्षित दिशेने. शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेकडून!

तापात काय होते?

दारूचा आणि रोगप्रतिकाराचा संबंध काय, असे कोणीही विचारील. त्यासाठी आधी साधा ताप आठवा. अन्नावरची वासना उडते, कोणाशी बोलू नये, पांघरूण घेऊन पडून राहावे असे वाटते. ही मरगळ बहुतांशी आपलेच शरीर आणते. जंतूंशी झुंजणाऱ्या पेशी 'सायटोकाइन' नावाची रासायनिक निरोपपत्रे धाडतात. ती मेंदूला पोहोचली की माणसाची वृत्तीच पालटते.

मेंदूला स्वतःचे पहारेकरीही आहेत. स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा ह्या शास्त्रज्ञाने १९१९ साली ह्या पेशी वेगळ्या ओळखून दाखवल्या. 'मायक्रोग्लिया' हे त्यांचे नाव. रात्रीच्या गुरख्याप्रमाणे त्या सतत फिरती नजर ठेवतात. त्यांच्याजवळ धोक्याची एक घंटा असते. शास्त्रज्ञ तिला 'टीएलआर-४' म्हणतात. काही जंतूंच्या कवचातले विष लागले की ती वाजते. प्रयोगांत असे आढळले की मद्यानेही ही घंटा वाजू शकते. शिवाय अति मद्याने आतड्याचे अस्तर सैल होते, तेथल्या जंतूंचे विष रक्तात उतरते, यकृत खवळते आणि त्याची खबर मेंदूपर्यंत जाते.

झिंग कशाने येते?

२०११ साली ऑस्ट्रेलियातील ॲडलेड विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांना ही घंटा मुकी करणारे औषध दिले आणि मद्य टोचले. तेवढ्याच मद्याने हे उंदीर इतरांपेक्षा कमी लटपटले आणि लवकर शुद्धीवर आले. म्हणजे झिंग हा केवळ मद्य आणि मज्जापेशी ह्यांच्यातला मामला नव्हे. पहारेकऱ्यांचाही त्यात हात आहे.

मग ज्याला चढत नाही तो भाग्यवान म्हणावयाचा काय? मुळीच नव्हे! अमेरिकेत डॉ. मार्क शुकिट ह्यांनी मद्यासक्त वडिलांच्या तरुण मुलांना मोजून मद्य देऊन तपासले आणि दहा वर्षांनी पुन्हा गाठले. १९९४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : ज्यांना कमी चढत असे, त्यांच्यातले ५६ टक्के मद्यासक्त झाले होते, ज्यांना चटकन चढे, त्यांच्यातले १४ टक्के. माणसांतला हा फरक पहारेकऱ्यांमुळेच पडतो असे सिद्ध झालेले नाही. पण 'पुरे' ही सूचना ज्याला उशिरा मिळते, तो पुढे जातो, एवढे खरे. तेव्हा ते कौतुक पुरे करावे.

न थांबणारी घंटा

रोजच्या पिण्याची गोष्ट आणखी गंभीर आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात मद्यासक्तांचे मेंदू मरणोत्तर तपासले गेले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत पहारेकरी पेशींच्या खुणा आणि त्यांना खवळवणारी एक रासायनिक चिठ्ठी नेहमीपेक्षा अधिक सापडली. ही खळबळ पिणे थांबल्यावरही रेंगाळते, असे प्राण्यांत दिसले आहे. दारू सोडलेल्या माणसाची चिडचिड, उदासी, उडालेली झोप ह्यांत तिचा वाटा असावा, असे अनेक संशोधक मानतात. ती बेचैनी घालवण्यासाठी पुन्हा पेला, आणि पेल्याने पुन्हा खळबळ!

सर्व उलगडले आहे, असे मात्र समजू नये. 'टीएलआर-४' नसलेले उंदीरही पूर्वीइतकेच मद्य पितात, असे काही प्रयोगशाळांत आढळले. उलट जपानात दम्यासाठी वापरले जाणारे 'इब्युडिलास्ट' हे औषध लॉस एंजेलिसला ५२ जणांवर दोन आठवडे आजमावले, तेव्हा बेसुमार पिण्याचा संभव घटला. हा प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. तो लहान होता. तेवढ्यावर घरी गोळी आणावयाची नाही.

घरच्यांनी काय करावे?

आपल्या महाराष्ट्रात हे शहाणपण प्रयोगशाळेची वाट पाहत बसले नाही. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट ह्यांनी 'मुक्तांगण' सुरू केले ते व्यसन हा आजार आहे, ह्या भूमिकेतूनच. शपथा, अबोला, टोमणे ह्यांनी पेटलेला मेंदू निवत नाही.

एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकाएकी बंद करू नका. कंप, झटके, भ्रम होऊन प्रसंगी प्राणावर बेतते. आधी डॉक्टरांना गाठा. पुढे 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'सारख्या मंडळींच्या सभेलाही जाता येते.

आजार म्हटले म्हणजे जबाबदारी सुटली, असे नव्हे. मधुमेहाचा रोगी आपण होऊन आजारी पडत नाही, परंतु औषध त्यानेच घ्यावयाचे असते. दारूच्या बाबतीतही पहिले पाऊल त्या माणसानेच टाकले पाहिजे. त्याला लाज वाटू न देता दवाखान्याच्या दारापर्यंत सोबत करणे, एवढे मात्र आपल्या हाती आहे.