कागद गिरणीची यंत्रे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कागदयंत्र हे मुळात पाणी काढण्याचे यंत्र आहे. लगदा कुठेतरी साच्यात दाबून त्याचा कागद होतो आणि पुढचे शंभरेक मीटर यंत्र तो फक्त वाळवते, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात हेडबॉक्स या पेटीतून वायरवर, म्हणजे चालत्या जाळीवर, जे सांडते त्याला लगदा म्हणायलाही धाडस लागते. शंभर किलोत तंतू जेमतेम अर्धा किलो आणि बाकी सगळे पाणी. इतके पातळ केल्याशिवाय तंतू सुटे होत नाहीत. घट्ट ठेवले तर त्यांच्या गाठी बनतात आणि कागद ढगाळ दिसतो. पुणे जिल्ह्याला ही गोष्ट जुनीच आहे. जुन्नरचे कागदी आणि पुण्याच्या कसबा पेठेतल्या कागदीपुऱ्यातले कारागीर हौदात चाळणी बुडवून उचलत, तेव्हा तेही अशाच पातळ पाण्यातून तंतू गाळत. १७९९ मध्ये निकोला-लुई रोबेर या फ्रेंच माणसाने त्या चाळणीचा न संपणारा पट्टा केला. पुढे इंग्लंडमध्ये फोर्ड्रिनियर बंधूंच्या पैशावर ब्रायन डाँकिनने तो सुधारून चालता केला. आजचे यंत्र त्याच वंशाचे आहे.

पाण्याचा हिशेब एकदा मांडला की यंत्राबद्दलचे निम्मे गैरसमज आपोआप गळतात. अर्धा टक्का घट्टपणाच्या लगद्यात एक किलो तंतूमागे १९९ किलो पाणी असते. वायरच्या शेवटी कागदाचा कोरडेपणा २० टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे किलोमागे ४ किलो पाणी उरते. प्रेसमधून बाहेर पडताना कोरडेपणा ४५ टक्के असेल तर सव्वा किलोहून थोडे कमी. ड्रायरच्या वाट्याला येते ते एवढेच, एकूण पाण्याच्या एका टक्क्याहूनही कमी. तरी गिरणीच्या वाफेचा सर्वांत मोठा वाटा तिथेच जातो, कारण वायरवर पाणी वजनाने आणि व्हॅक्यूमने गळते, प्रेसमध्ये दाबाने निघते, ड्रायरमध्ये मात्र ते वाफ करून उडवावे लागते. म्हणून ‘कागद ओला येतोय, वाफ वाढवा’ हा उपाय सर्वांत महाग पडतो. प्रेसनंतरचा कोरडेपणा ४५ वरून ४६ टक्के झाला, तर ड्रायरला सुमारे ४ टक्के पाणी कमी उडवावे लागते. प्रेसमधले पाणी शोषणारे कापड, म्हणजे फेल्ट, जुना आणि तुंबलेला असताना महिनाभर जास्त चालवून वाचलेले पैसे असे बॉयलरमध्ये जळून जातात.

पुणे जिल्ह्यातले शिरूर आणि दौंड हे तालुके आजही कागदाच्या धंद्याशी तिन्ही बाजूंनी जोडलेले आहेत. माल खपतो तो पुणे–नगर रस्त्यावर. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फ्रिज आणि वॉशिंग मशीनसारख्या घरगुती उपकरणांचे मोठे कारखाने आहेत, आणि त्यांच्या मालाला पुठ्ठ्याची खोकी लागतात. कच्चा माल म्हणावा असा ऊस दोन्ही तालुक्यांत आहे. न्हावऱ्याचा घोडगंगा, पाटसचा भीमा आणि आलेगावचा दौंड शुगर हे इथले साखर कारखाने. दौंडची हद्द ओलांडली की सोलापूर रस्त्यावर, इंदापूर तालुक्यात, भिगवणची मोठी पेपर मिल लागते. सुटे भाग आणि यंत्रसामग्री मिळते ती पिंपरी-चिंचवडकडे.

भिगवणच्या मिलबद्दल एक समज पक्का रुजलेला आहे: ऊसपट्ट्यात आहे म्हणजे कागद उसाचा, किंवा झाडे तोडून आणत असतील. सिनार मास या इंडोनेशियन उद्योगसमूहाने १९९० च्या दशकात उभारलेली आणि २००१ मध्ये बल्लारपूर इंडस्ट्रीजने घेतलेली ही मिल गुळगुळीत कोटेड छपाई-कागदासाठी ओळखली जाते. लाकूड शिजवणारा विभाग तिथे नाही. बाहेरून विकत घेतलेला तयार लगदा पाण्यात सोडून ती चालते. तिथली मोलाची यंत्रे म्हणजे कागदयंत्र आणि त्याच्या पुढचे कोटर, जे कागदावर कॅल्शियम कार्बोनेट, चिनी माती आणि चिकटद्रव्य यांचा पातळ थर चढवते. चंद्रपूर जिल्ह्यातली बल्लारपूरची मिल वेगळी. तिथे बांबू आणि लाकूड शिजते. देशाचा विचार केला, तर कागदाचा सर्वांत मोठा हिस्सा आज रद्दीपासूनच बनतो. लाकडाचा वाटा त्याच्या तुलनेत बराच लहान आहे.

मग ऊस का नाही? ‘चोथा फुकट पडलेला असतो’ हे ऐकायला सोपे आहे, पण ऊसपट्ट्यात चोथा फुकट कधीच नव्हता. दौंडकडच्या गुऱ्हाळांत काहिलीखाली उसाची चिपाडेच जळतात. साखर कारखान्याचा बॉयलरही चोथ्यावर चालतो, आणि सहवीजनिर्मिती आल्यापासून उरलेल्या चोथ्याची वीज होऊन विकली जाते. पेपर मिलला चोथा हवा असेल तर कारखान्याला त्या बदल्यात दुसरे इंधन द्यावे लागते. तमिळनाडू न्यूजप्रिंटने १९८० च्या दशकात हेच केले. शिवाय चोथ्यात तीस टक्क्यांच्या घरात मऊ गर असतो. तो तंतू नव्हे. तो काढणारी डीपिथरसारखी वेगळी यंत्रे लागतात. गर राहिला तर वायरवरून पाणी गळत नाही आणि यंत्राचा वेग पडतो. गळीत चार-पाच महिन्यांचे आणि पेपर मिल वर्षभराची, त्यामुळे ओल्या चोथ्याचे डोंगर साठवून सांभाळणे हेही एक खातेच होते. उसाचा कागद उत्तम होतो, पण त्याची यंत्रसामग्री रद्दीच्या गिरणीला जोडलेला एखादा सुटा भाग नसते.

रद्दीबद्दल उलट टोकाचे गैरसमज आहेत. एक असा की रद्दी पाण्यात भिजवली की झाले. पल्परमध्ये रोटर ती फोडतो तो पहिला आणि सोपा टप्पा. खरी लढाई त्यात आलेल्या इतर गोष्टींशी असते: पिना, वाळू, सुतळी, प्लॅस्टिक, आणि सर्वांत त्रासदायक म्हणजे चिकटपट्ट्यांचा गोंद. जड कचरा क्लीनरमध्ये भोवऱ्याने खाली बसतो, चपटा कचरा स्क्रीनच्या मिलिमीटरच्या पाव भागाहूनही अरुंद फटींत अडतो. गोंद मात्र गरम झाला की मऊ होऊन फटीतून निसटतो आणि पुढे वायरवर, फेल्टवर, ड्रायरवर चिकटतो. कागदात भोके पडतात, कागद तुटतो. अशा वेळी दोष कागदयंत्राला दिला जातो, पण मूळ स्क्रीनच्या झिजलेल्या बास्केटमध्ये असते. फट थोडी रुंदावली आहे हे डोळ्यांना दिसत नाही, मोजावी लागते. दुसरा समज असा की रद्दी कितीही वेळा फिरते. प्रत्येक फेरीत तंतू आखूड आणि ताठर होतो. पाच ते सात फेऱ्यांनंतर तो बांधून ठेवण्याच्या कामाचा राहत नाही आणि गाळात निघून जातो. म्हणून नवा तंतू कुठून तरी येत राहावाच लागतो.

रिफायनर तंतू ‘बारीक दळतो’, असेही सर्रास म्हटले जाते. दळले तर कागद कमजोर होतो. रिफायनरच्या दोन तबकड्यांत मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे अंतर असते. त्यात तंतू चेचला जातो, त्याच्या अंगावर केसाळ धागे सुटतात, तो पाणी पिऊन लवचिक होतो आणि शेजाऱ्याला धरतो. खोक्याच्या कागदाचा बीएफ, म्हणजे फुटण्याची ताकद, इथे ठरते. तबकड्यांच्या कडा बोथट झाल्या तरी मोटर तेवढीच वीज खाते, फक्त ताकद मिळत नाही. मग ऑपरेटर भार वाढवतो, तंतू तुटतात, लगदा पाणी सोडेनासा होतो, आणि पुन्हा वाफेचा खर्च वाढतो. तबकडी कधी बदलायची हे तिच्या वयावरून ठरवणे म्हणूनच चुकीचे. लगद्याचा एसआर, म्हणजे तो पाणी किती हळू सोडतो याचे माप, आणि खर्च झालेली वीज यांचा मेळ पाहावा लागतो.

सुट्या भागांबाबतचा सर्वांत महाग गैरसमज प्रेस रोलचा आहे. रोल म्हणजे सरळ दंडगोल, कुठल्याही मोठ्या लेथवर घासून घेता येतो, असे मानले जाते. प्रेस रोल मुद्दाम मधोमध किंचित जाड ठेवलेला असतो. टोकांवर भार दिला की तो मध्ये वाकतो, आणि ही जाडी, म्हणजे क्राउन, तो वाक भरून काढते. तेव्हा कुठे संपूर्ण रुंदीवर दाब सारखा येतो. अनोळखी वर्कशॉपने रोल ‘सुरेख सरळ’ करून दिला, तर कागदाच्या मधोमध ओला पट्टा येतो आणि कडा करपतात. रोलवरचे रबरही काळाबरोबर कडक होते. त्याचा कडकपणा मोजून नोंदवलेला नसेल, तर क्राउनचा हिशेबही चुकतो. वायरबाबत समज जुना आहे: ती तांब्या-पितळेची जाळी असते. फॉस्फर ब्राँझची वायर इतिहासजमा होऊन काही दशके झाली. आता ती पॉलिएस्टरच्या धाग्यांची विणलेली असते आणि कित्येक पट टिकते. फेल्टही लोकरीचा राहिलेला नाही, नायलॉनचा आहे.

ड्रायरच्या बिडाच्या पिंपात वाफेचा दाब वाढवला की कागद जास्त वाळतो, हे अर्धसत्य आहे. वाफ उष्णता देते ती पाणी होताना, आणि ते पाणी आतच राहिले तर भिंतीला चिकटून उष्णता अडवते. मंद वेगात ते तळाशी साचते, वेग वाढला की गडगडते, आणखी वाढला की आतल्या भिंतीवर सगळीकडे थर धरते. ते बाहेर काढणारा सायफन, त्याला लागणारा दाबाचा फरक आणि फिरत्या पिंपाला स्थिर नळी जोडणारा रोटरी जॉइंट, हे स्वस्त दिसणारे भाग ड्रायरचे नशीब ठरवतात. पुण्याची फोर्ब्स मार्शल वाफ आणि कंडेन्सेटच्या याच कामासाठी ओळखली जाते. बॉयलरसाठी थर्मॅक्स, पंपांसाठी केएसबी, बेअरिंगसाठी एसकेएफ ही नावेही पिंपरी-चिंचवडशी जोडलेली आहेत. पल्पर आणि रिफायनरसाठी छत्रपती संभाजीनगरची पॅरासन आहे. ‘पेपर मिलचे सगळे परदेशातून येते’ हे त्यामुळे खरे नाही. मोठी, वेगवान यंत्रे फॉइथ, वाल्मेट, आन्ड्रिट्झ अशा मोजक्या युरोपीय कंपन्या बनवतात हे खरे, पण रोज झिजणारे बरेचसे भाग याच राज्यात मिळतात.

पेपर मिल म्हणजे वास, हाही समज तपासण्याजोगा आहे. कुजक्या कोबीसारखा तो प्रसिद्ध वास लाकूड गंधकयुक्त रसायनांत शिजवणाऱ्या गिरण्यांचा असतो. रद्दीच्या गिरणीत शिजवणेच नसते. तिथे वास आलाच तर तो पाण्याच्या टाक्यांत वाढलेल्या जिवाणूंचा असतो, आणि गंमत अशी की पाणी वाचवण्याच्या अर्धवट प्रयत्नांतून तो वाढतो. भीमा, घोड आणि खाली उजनीच्या पाण्यावर सगळ्यांचाच डोळा असल्याने पाणी फिरवून वापरणे भागच आहे. वायरखाली गळलेले पाणी सेव्ह-ऑलमध्ये गाळून पुन्हा हेडबॉक्सकडे जाते. पण बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद केला म्हणजे पाणी वाचले, असे होत नाही. क्षार साठतात, पाणी तापते, जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो, लोखंड गंजते, आणि त्या थराचा गोळा कागदात आला की कागद तुटतो. चक्र आवळायचे तर गाळणी, हवा खेळवणे आणि जंतुनाशकाची मात्रा हे सगळे सोबत वाढवावे लागते.

राहिला जुन्या यंत्रांचा प्रश्न. लहान गिरण्या युरोपात बंद पडलेली यंत्रे आणून उभारतात, तेव्हा एक बाजू त्याला भंगार म्हणते आणि दुसरी म्हणते, बीड कधी मरत नाही. सांगाडा, गिअर आणि ड्रायर अनेक दशके चालतात, तर हेडबॉक्स, व्हॅक्यूम आणि प्रेस नवे बसवून जुन्या यंत्राचा वेग वाढवता येतो. ड्रायरची भिंत मात्र दर वेळी घासून गुळगुळीत करताना पातळ होत जाते. पाटीवर कोरलेला दाब ती नवी असतानाचा असतो. अल्ट्रासोनिक यंत्राने जाडी मोजून जो दाब निघेल, सुरक्षा व्हॉल्व्ह त्याच्यावर लावायचा असतो.