वाईट शेजाऱ्याच्या काठाकाठाने

स्वित्झर्लंडच्या नैर्ऋत्येस वाले नावाचा प्रांत आहे. त्यातील बान्य खोऱ्याच्या अगदी वरच्या टोकास मोव्वाझँ ही चार-दोन घरांची वस्ती लागते. एक जुने हॉटेल, एक लहानसे देवालय आणि त्यांच्या माथ्यावर आकाश अडवून उभी असलेली काँक्रीटची भिंत, एवढाच काय तो गावाचा पसारा. फ्रेंच भाषेत या नावाचा अर्थ 'वाईट शेजारी' असा होतो. गावास असे नाव कोणी ठेवील काय, असा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनी बसमधून उतरताच केला. त्याचे उत्तर धरणामागील तळ्याला पायी प्रदक्षिणा घालताना हळूहळू मिळत जाते. आम्ही उभयतांनी ऑगस्ट महिन्यात ही वाट पायाखाली घातली. वाचकांपैकी कोणाची मुले-लेकी त्या बाजूस असतील व त्यांच्याकडे जाण्याचा योग येईल, तर एक दिवस येथे अवश्य द्यावा.

मार्तिन्यी या शहरापासून ल शाब्लपर्यंत लहान आगगाडी आहे व तेथून उन्हाळ्यात मोव्वाझँपर्यंत बस जाते. गाव सुमारे १८४० मीटर उंचीवर आहे. धरणाचा माथा १९७६ मीटरवर असल्याने पहिला चढ फारसा नाही. धरण कमानीच्या आकाराचे असून त्याचे बांधकाम १९५० च्या दशकात झाले. पुढे १९९१ मध्ये त्याची उंची आणखी साडेतेरा मीटरने वाढविण्यात आली. आज ते २५० मीटर उंच आहे. आपल्या कोयनेच्या धरणाची उंची १०३ मीटर, म्हणजे याच्या निम्म्याहूनही कमी; परंतु पाणी मात्र कोयनेत याच्या तेरा पटींहून अधिक मावते. मोव्वाझँचे तळे पाच किलोमीटर लांब, अरुंद आणि विलक्षण खोल आहे. त्याची किंमत पाण्याच्या आकारमानात नसून उंचीत आहे. हेच पाणी बोगद्यांतून डोंगरापलीकडे ऱ्होन नदीच्या खोऱ्यात उतरवून त्यावर वीज निर्माण करतात.

धरणाच्या अर्धा किलोमीटर लांबीच्या माथ्यावरून पलीकडे गेले की पूर्वेकडील वाट चढू लागते. पाट्या पिवळ्या असतात, व त्यांवर अंतर नव्हे तर लागणारा वेळ लिहिलेला असतो. पंचाहत्तर टक्के गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याचा हिशेब धरून तो वेळ मांडला असावा. आमच्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्यांनी त्यात निमपट मिळवावा. येथून खडकावर लाल-पांढऱ्या रंगाचे पट्टे दिसू लागतात. डोंगरातील अवघड वाटेची ती खूण होय.

तासाभराच्या चढानंतर झ्येत्रोची कुरणे लागतात. काळ्या-तपकिरी रंगाच्या, आखूड व दणकट गाई येथे उन्हाळाभर चरतात. यांच्या दुधाचे चीज त्या देशात नावाजलेले आहे. पायवाटेवर बसून भाकरतुकडा खावा आणि मान वर करावी. उंच कड्याच्या माथ्यावर, बऱ्याच आत सरलेली झ्येत्रो हिमनदी तेथे आहे. वाईट शेजारी तो हाच.

दोन शतकांपूर्वी ही हिमनदी कड्याच्या काठापर्यंत आलेली होती. इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा १८१५ साली स्फोट झाला व पुढील वर्षी युरोपात उन्हाळा म्हणून झालाच नाही. थंडीमुळे हिमनदी वाढली. तिचे सुळके तुटून खालच्या घळीत कोसळू लागले, आणि त्या बर्फाच्या राशीने द्रांस नदीचा मार्ग बंद केला. आज जेथे काँक्रीटची भिंत आहे, जवळपास त्याच जागी निसर्गाने बर्फाची भिंत घातली. १८१८ च्या वसंत ऋतूत खालच्या गावांना नदीचे पाणी आटलेले दिसले आणि म्हाताऱ्यांच्या काळजात धस्स झाले. कारण १५९५ साली असेच घडले होते व त्या पुरात शंभराहून अधिक माणसे दगावली होती.

प्रांताचा अभियंता इग्नाझ व्हेनेत्झ यास पाचारण करण्यात आले. मागे तळे वाढत होते, बर्फ केव्हा फुटेल याचा नेम नव्हता. व्हेनेत्झने पाण्याची पातळी जेथवर येईल असा अंदाज होता, त्या उंचीवर बर्फाच्या भिंतीत आरपार बोगदा खोदावयास घेतला. ११ मे रोजी काम सुरू झाले. डोक्यावरून हिमखंड कोसळत असताना मजूर पाळीपाळीने खोदत राहिले. १३ जूनच्या सुमारास पाणी बोगद्यातून वाहू लागले, आणि वाहता वाहता बोगद्याचा तळ कापीत गेले. तळ्याची पातळी सुमारे दहा मीटर खाली आली, जवळजवळ एक तृतीयांश पाणी निघून गेले. आणखी काही दिवस मिळाले असते तर, असे वाचताना कोणालाही वाटेल. ते मिळाले नाहीत. १६ जूनच्या दुपारी बर्फाची भिंत फुटली व उरलेले पाणी एकदम खोऱ्यात घुसले. घरे, पूल, झाडे आणि मोठमोठाल्या शिळा घेऊन लोंढा मार्तिन्यीपर्यंत पोहोचला. सुमारे चाळीस माणसे गेली. बोगदा नसता तर किती गेली असती, याचा विचार त्या खोऱ्यातील लोकांनी पुढे पुष्कळ केला असेल. (याच महिन्याच्या ३ तारखेस, इकडे माळव्याच्या सीमेजवळ, दुसऱ्या बाजीरावांनी माल्कमच्या स्वाधीन होऊन पेशवाईचा शेवट केला. आमच्या शाळेतील मुलांना ही तारीख पाठ असते; म्हणून काळ लक्षात राहावा यासाठी हा उल्लेख.)

परंतु या खोऱ्याने जगास जे दिले ते संकटाहून मोठे आहे. खाली लूर्तिये गावात झाँ-पिएर पेरोदँ नावाचा शिकारी राहत असे. शिक्षण बेताचे, पण डोंगरात आयुष्य गेलेले. खोऱ्यातील कातळांवर ओरखडे आहेत, आणि आसपासच्या डोंगरांशी मेळ नसलेल्या प्रचंड शिळा उतारांवर पडून आहेत, हे त्याने पाहिले होते. आजच्या हिमनद्यांच्या काठी असेच ओरखडे पडताना त्याला रोज दिसत. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला, की पूर्वी कधीतरी हे सारे खोरे मार्तिन्यीपर्यंत बर्फाने भरलेले होते. १८१५ साली बेक्सच्या मिठाच्या खाणींचे संचालक झाँ द शार्पांतिये त्याच्या घरी एक रात्र मुक्कामास होते. त्यांना त्याने हे सांगितले. विद्वान गृहस्थांना ते इतके असंभव वाटले, की विचार करण्याजोगेही वाटले नाही.

व्हेनेत्झला मात्र वाटले. त्याने पुरावे गोळा केले व १८२९ मध्ये निसर्गशास्त्रज्ञांच्या सभेपुढे हिमनद्यांच्या प्राचीन विस्ताराचा सिद्धान्त मांडला. त्याचे खंडन करावे म्हणून तपासास निघालेले शार्पांतियेच अखेरीस त्याचे समर्थक झाले. त्यांच्याकडून हा विचार लुई अगासीझ यांच्याकडे गेला आणि १८४० च्या त्यांच्या ग्रंथाने 'हिमयुग' ही कल्पना जगभर पोहोचली. पुस्तकांत नाव येते ते बहुधा अगासीझ यांचे. आयुष्यभर खडूने फळ्यावर लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांस ही हकीकत जराशी टोचते, हे कबूल करावयास हरकत नाही. समाधान एवढेच, की लूर्तियेतील पेरोदँचे घर आज हिमनद्यांचे छोटेखानी संग्रहालय म्हणून जपलेले आहे.

कुरणांच्या पुढे वाट दक्षिणेस वळते. मर्मोट नावाचे गुबगुबीत प्राणी शीळ घालून एकमेकांस सावध करतात व बिळात नाहीसे होतात. त्सोफेरेची लहान लहान तळी निळीशार आहेत. खाली धरणाचे पाणी मात्र दुधाळ, राखी. हिमनदी खडक दळते, ते पीठ पाण्यात मिसळून येते, म्हणून हा रंग. तळ्यांच्या पुढे २६०० मीटरहून थोडी अधिक उंच खिंड आहे. तेथून पश्चिमेस ४३१४ मीटर उंचीचा ग्रां कोंबँ समोर उभा ठाकतो. खिंडीपलीकडील उतार कडक आहे. धरावयास साखळ्या लावलेल्या आहेत. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी काठी नक्की बरोबर घ्यावी, आणि पाऊस असेल तर या वाटेस जाऊच नये.

उतार संपला की शांरियोंची डोंगरशाळा येते. २४६२ मीटरवरील या विश्रामगृहात सूप, चीज व पाव मिळतो. आगाऊ कळविल्यास निजावयास पलंगही. येथून एक वाट इटलीच्या हद्दीवरील फनेत्र खिंडीकडे जाते. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन फौजा उत्तर इटलीत उतरल्या, तेव्हा तूरिन विद्यापीठाचे रेक्टर व अर्थशास्त्रज्ञ लुईजी एइनाउदी याच २७९७ मीटर उंच खिंडीतून पायी चालत स्वित्झर्लंडमध्ये आले. त्या वेळी त्यांचे वय ६९ होते. पाच वर्षांनी ते इटलीचे राष्ट्राध्यक्ष झाले. विश्रामगृहाच्या बाकावर पाय चोळीत बसलेल्या आम्हा उभयतांना ही माहिती फारच उपयोगी पडली.

परतीची वाट पश्चिम काठाने, बरीचशी सपाट आणि काही ठिकाणी बोगद्यांतून आहे. आत थंडगार हवा आणि छतावरून ठिबकणारे पाणी. बोगद्याच्या तोंडातून पूर्वेकडे पाहिले म्हणजे झ्येत्रोचा कडा पुन्हा दिसतो. धरण बांधल्यानंतर अभ्यासकांनी या हिमनदीवर अनेक वर्षे डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. मोठा हिमखंड तळ्यात कोसळला तर उठणारी लाट भिंतीवरून जाईल, ही भीती होती. हिमनदी आता इतकी आक्रसली आहे, की ती भीती पूर्वीइतकी राहिलेली नाही. परंतु धोका सरला असे मात्र नाही, त्याने जागा बदलली. याच प्रांतातील ब्लाटन हे गाव २८ मे २०२५ रोजी बर्फ आणि दरडीखाली गाडले गेले. डोंगराची हालचाल टिपली जात होती, म्हणून सुमारे तीनशे रहिवाशांना नऊ दिवस आधीच हलविले होते. तरीही एका माणसाचा जीव गेलाच. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक हे हिमसरोवर फुटले. तो लोंढा तीस्ता नदीवरील चुंगथांगचे धरण घेऊन गेला. तेथील माणसांना असे नऊ दिवस मिळाले नव्हते.

पूर्ण प्रदक्षिणेस चढउतारासह सहा-सात तास लागतात. आम्हांस साडेआठ लागले. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. आपल्या नद्या पावसाने भरतात, ही तळी उन्हाने भरतात. त्यामुळे वसंतात तळ उघडा पडलेला दिसतो आणि सप्टेंबर अखेरीस पाणी काठोकाठ येते. निघण्यापूर्वी परतीच्या शेवटच्या बसची वेळ थांब्यावरील फलकावरून टिपून घ्यावी.