लाडकी बहीण ई-केवायसी: ‘होय’ की ‘नाही’? घोळ प्रश्नातच होता

पुंडलिकनगर असो की गडचिरोली, लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी करताना अनेकींचा गोंधळ एकाच ठिकाणी उडाला. सप्टेंबर 2025 मध्ये ही प्रक्रिया सुरू झाली. आधार आणि ओटीपी झाल्यावर शेवटी दोन घोषणा येत. पहिलीचा आशय असा: माझ्या कुटुंबातले सदस्य सरकारी नोकरीत कायम कर्मचारी नाहीत आणि निवृत्तिवेतनही घेत नाहीत. पर्याय दोन, होय किंवा नाही. खाली चेकबॉक्स, मग सबमिट.

घरात कुणीच सरकारी नोकरीत नसेल तर बरोबर उत्तर ‘होय’. म्हणजे, होय, हे विधान खरं आहे. पण शेजारणीनं विचारलं, “तुमच्याकडे कुणी सरकारी नोकरीत नाही ना?” तर आपण काय म्हणतो? “नाही.” मराठीत हे उत्तर अगदी बरोबर आहे. स्क्रीनवर मात्र त्याचा अर्थ उलटा होतो: घरात सरकारी नोकरदार आहे. चुकीचे पर्याय निवडले गेल्यामुळे पुढे अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणी करण्याची वेळ आली. प्रश्न महिन्याच्या 1500 रुपयांचा होता.

मग होय-नाही काढून नुसता चेकबॉक्स दिला असता तर? तेही पुरेसं नाही. वेब फॉर्ममध्ये टिक न केलेल्या चेकबॉक्सची माहिती सर्व्हरकडे जातच नाही. त्यामुळे रिकामी चौकट म्हणजे ‘नाही’, की बाईंनी ती पाहिलीच नाही, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून एकच उत्तर हवं असेल तिथे गोल बटणं, म्हणजे रेडिओ बटण वापरतात, आणि आधीपासून कुठलंच निवडलेलं ठेवत नाहीत. चौकोनी चेकबॉक्स अनेक पर्याय निवडायला किंवा संमती द्यायला. प्रश्नही सरळ हवा: “घरात कुणी सरकारी नोकरीत आहे का?” एवढं पुरलं असतं.

आधीच टिक केलेली चौकट हा आणखी वेगळा त्रास. युरोपीय संघाच्या न्यायालयानं 1 ऑक्टोबर 2019 रोजी अशी टिक म्हणजे संमती नव्हे, असा निकाल दिला. भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमती स्पष्ट कृतीतून दिलेली हवी.

फॉर्ममध्ये ‘नाही’नं संपणारं विधान दिसलं, तर त्यापुढे मनात “हे खरं आहे का?” जोडा आणि त्याचं उत्तर निवडा.