हक्क कोण देतो?

१७ सप्टेंबर या तारखेचे महत्त्व सेलूच्या माणसास निराळे सांगावयास नको. १९४८ साली याच दिवशी निजामाच्या सत्तेने शरणागती पत्करली आणि परभणी जिल्ह्यासह सारा मराठवाडा मोकळा झाला. त्यापूर्वी १६१ वर्षे, म्हणजे १७८७ साली, नेमक्या याच तारखेस अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी ३९ प्रतिनिधींनी आपल्या देशाच्या राज्यघटनेवर सह्या केल्या होत्या. हा केवळ योगायोग होय. परंतु त्या निमित्ताने अमेरिकेच्या राज्यव्यवस्थेमागील एक मूळ विचार आपल्या अनुभवाशी ताडून पाहता येईल.

हैदराबाद संस्थानात १९२९ पासून ‘गश्ती निशाण ५३’ हा हुकूम लागू होता. सभा भरवावयाची तर आधी सरकारची परवानगी काढली पाहिजे, असा त्याचा रोख. सेलूहून जालन्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील परतूर येथे १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, ते याच अमदानीत. पुढल्याच वर्षी स्टेट काँग्रेसवर तर तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच बंदी आली. कायदा, अंमल आणि अखेरचा निवाडा या तिहींचे मूळ एकाच राजाच्या फर्मानात असल्यावर प्रजेने दाद मागावी कोणाकडे?

अमेरिकेच्या संस्थापकांनी हा प्रश्न उलट बाजूने सोडविला. ४ जुलै १७७६ च्या जाहीरनाम्यात जेफर्सनने सांगितले की, माणसाचे काही हक्क उपजतच असतात. ते राखण्यासाठी सरकारे स्थापिली जातात आणि त्यांची न्याय्य सत्ता प्रजेच्या संमतीतून उत्पन्न होते. १७९१ साली घटनेला जोडलेल्या पहिल्या दुरुस्तीची भाषा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. लोकांस सभेचा हक्क ‘देण्यात येत आहे’ असे ती म्हणत नाही. शांततेने एकत्र जमण्याच्या लोकांच्या हक्कास बाध आणणारा कायदा काँग्रेसने करू नये, असे ती बजावते. हक्क आधीचा, सरकार मागाहूनचे!

मात्र नुसते बजावून सत्ता आवरत नाही. राज्यकर्ते देवदूत नसतात, हे मॅडिसन पुरते ओळखून होता. म्हणून कायदे काँग्रेसने करावे, अंमल अध्यक्षाने चालवावा आणि निवाडा न्यायालयाने द्यावा, अशी वाटणी झाली. अध्यक्षाने नाकारलेले विधेयक दोन्ही सभागृहे दोन-तृतीयांश मतांनी पुन्हा संमत करू शकतात. आणि घटनेविरुद्ध असलेला कायदा रद्द ठरविण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १८०३ साली प्रस्थापित केला.

तथापि या इमारतीच्या पायातच एक भेग होती. प्रतिनिधींची संख्या ठरविताना पाच गुलाम तीन माणसांबरोबर मोजावे, असे याच घटनेत लिहिले होते. संमतीचा घोष करणाऱ्यांनी लाखो माणसांची संमती विचारलीच नाही. यादवी युद्धानंतर १८६५ साली गुलामगिरी संपली. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केला, तो गुलामांना मुक्त करण्याच्या या कार्यासाठीच.

१९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेले डॉ. आंबेडकर पुढे आपल्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. आपण अमेरिकेची अध्यक्षीय पद्धती घेतली नाही. पण मूलभूत हक्क आणि कायदा तपासण्याचा न्यायालयाचा अधिकार घेतला. शिवाय कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अमेरिकेची पहिली दुरुस्ती सरकारचा हात धरते. आपले हे कलम शेजाऱ्याचाही हात धरते.

२६ जानेवारी १९५० रोजी कलम १९ अन्वये निःशस्त्र व शांततेने जमण्याचा हक्क सेलूच्या नागरिकासही लाभला. त्याला वाजवी मर्यादा आहेत, आणि मिरवणुकीसाठी आजही अर्ज करावा लागतो. मग फरक काय? गश्तीच्या काळी सभा का भरवावयाची, हे प्रजेने पटवावे लागे. आज ती का भरू नये, हे सरकारने पटवावयाचे असते, आणि ते कारण वाजवी आहे की नाही हे न्यायालय पाहते. हे ओझे पुन्हा आपल्या शिरावर येऊ न देणे, हेच नागरिकाचे काम होय.